बाराशे लाल शर्ट आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कोऱ्या सुती टी-शर्टांची घाऊक विक्री, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच दुकानाच्या माळ्यावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी परवा मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले आणि वर त्यांच्या अंगातल्या कुर्त्याचे कापड किती वजनाचे आहे तेही सांगितले. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, फसवलेले नाही. ह्या कागदात एक फसवणूक आहे खरी, पण ती मी केलेली आहे. तिचा मजकूर कलम सहामध्ये येईल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझ्या धाकट्या भावाच्या नावे होते. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून मागे तोच राहील असे मी धरून चालले होते. तो राहिला नाही. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

वकीलसाहेब मला म्हणाले, "ताई, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. काय द्यायचं आणि कोणाला, एवढंच."

मी म्हटले, "कारणं काढली तर उरतं काय? चार कपाटं आणि एक तराजू."

त्यांनी हात टेकले. कायद्याला लागणारे शब्द त्यांचे आहेत, बाकीचे माझे. ह्या कागदाप्रमाणे सगळे होते आहे ना, हे बघण्याचे कामही त्यांनीच करावे.

कलम १. माझी माणसे.

मला नवरा नाही, मूलबाळ नाही. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धाकटा नऊ. वडील हातगाडीवर बनियन विकायचे. दोन वर्षांत तेही गेले आणि हातगाडी माझ्याकडे आली. धाकट्याला मी वाढवले. त्याच्या शाळेच्या डब्यापासून त्याच्या पहिल्या दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळे मी आणले. हे मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. पुढे जे लिहायचे आहे ते वाचताना हे माहीत असलेले बरे, म्हणून लिहिते.

तो मालाच्या खोक्यांवर चित्रे काढत बसायचा. मोठा झाल्यावर छपाई शिकला. जाळीच्या चौकटीतून शाई ओढून कापडावर अक्षरे उमटवायचे काम. त्याची पहिली चौकट मी घेऊन दिली. दुकानामागच्या गल्लीत त्याने कारखाना टाकला, चालत तीन मिनिटांवर. मी कोरे शर्ट विकायचे, तो ते छापायचा. बाजारात आम्हाला कोरी ताई आणि छापील भाऊ म्हणायचे. नवे गिऱ्हाईक आले की हमाल हसत विचारायचे, "कोरं पाहिजे की छापील?"

त्याच्या मागे त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आणि एक मुलगी आहे. मुलीला आम्ही बटण म्हणतो. आमच्या मालाला बटण नसते, तेव्हा घरात तरी एक असावे, असे धाकटा म्हणाला होता. ती आता एकोणतीस वर्षांची आहे आणि औषधांच्या दुकानात काम करते.

कलम २. राहते घर.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्या मी भावजयीला तिच्या हयातीपर्यंत राहायला देत आहे. तिच्यानंतर त्या बटणाच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वरून दाबल्याशिवाय लागत नाही. न्हाणीघराचा नळ गच्च बंद करू नये, थोडा सैल ठेवला तरच गळत नाही. ह्या खोल्या घ्यायच्या की नाही, हे भावजयीने कलम सहा वाचून झाल्यावर ठरवावे. नाही म्हणाली तर तिला कोणी समजावायला जाऊ नये.

कलम ३. ठेव.

बँकेतल्या ठेवीचा अर्धा भाग आमच्या मशीनवाल्या बाईंना द्यावा. बावीस वर्षे त्या शर्टांच्या उसवलेल्या गळपट्ट्या दुरुस्त करत आल्या आहेत आणि त्यांच्या डाव्या डोळ्याला आता सुई दिसत नाही. "आधी डोळा दाखवा, मग बाकीचं," असे माझ्या नावाने त्यांना सांगावे, नाहीतर त्या पैसे जावयाला देऊन मोकळ्या होतील. उरलेला अर्धा बटणाला.

गठ्ठे बांधणारे आमचे काका एकतीस वर्षे माझ्याकडे आहेत. ते ह्या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून त्यांना द्यायचे ते मी माझ्या हयातीतच, माझ्या हाताने दिले आहे. किती, ते त्यांनी कोणाला सांगायची गरज नाही.

कलम ४. तराजू आणि गोल कापणी.

टी-शर्टाचे कापड वजनावर जोखतात. चौरस मीटरला एकशे ऐंशी ग्रॅम भरले तर ते अंगावर नीट बसते आणि वर्षभर धुतले तरी आकार सोडत नाही. एकशे चाळीस भरले तर उजेडात आरपार दिसते आणि तिसऱ्या धुण्याला बाजूची शिवण पोटावर येते. कापणीने कापडाची एक चकती काढायची, छोट्या तराजूत घालायची आणि येईल त्या आकड्याला शंभराने गुणायचे. मिनिटभराचे काम.

हा तराजू आणि ही कापणी मी समोरच्या दुकानदाराला देते. गेली चौदा वर्षे तो एकशे चाळीसचे कापड एकशे ऐंशीचे म्हणून विकतो आहे. त्याच्याकडे तराजू नसावा, असा संशयाचा फायदा मी त्याला देत आले. माझ्यामागे ती सबब उरणार नाही.

हे लिहिताना मला हसू आले. पुढचा परिच्छेद लिहायला घेतला आणि ते गेले. मी कोणाला तराजू देणार? तो परिच्छेद खोडला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. तराजूचे मात्र वर लिहिल्याप्रमाणेच करावे.

कलम ५. माझ्या मावसभावाला काहीही देऊ नये. तो दर सहा महिन्यांनी माझी तब्येत विचारायला येतो आणि जाताना डोळ्यांनी भिंती मोजून जातो.

कलम ६. दुकान, दुकानातला माल, पाटी, आणि कोरी ताई ह्या नावाला बाजारात जी काही पत आहे ती.

हे सर्व मी माझी भाची बटण हिला देत आहे. का देत आहे, ते आता लिहिते.

चौदा वर्षांपूर्वी समोरचे दुकान नवे होते. त्याने भाव पाडले आणि माझी गिऱ्हाइके माझ्याकडे भाव विचारून त्याच्या पायऱ्या चढू लागली. मी विंचरलेल्या सुताचा, आधीच आटवून घेतलेला माल ठेवायची. असा शर्ट स्वस्त होत नाही. कितीही घासाघीस केली तरी एका आकड्याखाली तो जात नाही. त्याच महिन्यात धाकट्याला त्याच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम मिळाले. धावण्याच्या एका मोठ्या शर्यतीचे बाराशे शर्ट, लाल, छातीवर पांढरी ठसठशीत अक्षरे.

तो दुकानात आला तेव्हा मी चहा पीत होते.

"ताई, नगामागे पाच कमी कर ना. काम मिळावं म्हणून मी भाव अगदी घट्ट दिलाय."

"बघते."

"बघते नको. हो म्हण."

मी त्याला उद्या ये म्हटले. दुपारी एका नव्या गिरणीचा दलाल आला. त्याने लाल कापडाचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "शंभर टक्के सुती, ताई. नेहमीच्यापेक्षा नगामागे अकरा कमी."

कापड हाताला मऊ होते. मी त्याच्यातला एक धागा ओढला आणि काडी लावली. सूत कागदासारखे जळते. वासही कागदाचाच येतो, आणि मागे उरलेली राख बोटांत चुरडली की पीठ होते. ह्या धाग्याच्या टोकाला काळा, कडक मणी उरला. चुरडेना. म्हणजे त्यात प्लास्टिकचा धागा होता, तिसरा हिस्सा तरी. दलाल माझ्या बोटांकडे बघत होता.

"कशासाठी पाहिजेत?" त्याने विचारले.

"शर्यतीसाठी."

"मग काय, एक दिवस घालायचे."

मी बाराशेंवर थोडे जास्तच मागवले. दुसऱ्या दिवशी धाकटा आला तेव्हा मी जरा विचार केल्यासारखे केले आणि म्हटले, "चल, पाच कमी. भाऊ म्हणून." तो इतका खूश झाला की माझ्या कपातला उरलेला चहा त्याने उभ्या उभ्या पिऊन टाकला. खूश झाला की तो हेच करायचा. अकरातले पाच मी त्याला दिले आणि सहा ठेवून घेतले. त्या पैशांतून दुकानाला नवे शटर आले. आज आहे तेच.

आता जे लिहिते ते छपाईवाल्यांना ठाऊक असते, इतरांसाठी सांगते. लाल रंग सुतात पक्का बसतो. प्लास्टिकच्या धाग्यात तो बसल्यासारखा वाटतो, पण छपाई सुकवायची उष्णता लागली की उठतो आणि वरच्या शाईत शिरतो. लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी दिसते. छापणाऱ्याला आधी कळले तर तो वेगळी शाई घेतो, कमी उष्णतेवर सुकवतो, आणि काही होत नाही. मला हे माहीत होते. "अरे, ह्यात भेसळ आहे, शाई बदल," एवढे एक वाक्य मला बोलायचे होते. पण ते बोलले असते तर पाच नाही, सगळेच अकरा कमी करावे लागले असते. शिवाय कोऱ्या ताईच्या दुकानात भेसळ, हे माझ्या तोंडून बाहेर पडले असते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मैदानावर खोकी उघडली. सगळी अक्षरे गुलाबी झाली होती. जखम पुसलेल्या कापसाचा असतो तसा तो रंग होता. दुसरे शर्ट आणायला वेळ नव्हता. लोक तेच घालून धावले. शर्यतवाल्यांनी धाकट्याला पैसे दिले नाहीत, आणि ज्याला त्याला सांगितले की ह्या माणसाने कामात हलकी शाई वापरली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि गठ्ठ्यावर बसला. मग म्हणाला, "ताई, रागावू नकोस. कापडात भेसळ नव्हती ना गं?"

मी म्हटले, "माझ्या दुकानात?"

एवढेच. मी खोटे बोलले असे कोणाला म्हणता येणार नाही. मी फक्त प्रश्न विचारला.

त्याने मान खाली घातली. "नाही गं, उगाच विचारलं. डोकं फिरलंय माझं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

तो गेल्यावर त्या लॉटमधले उरलेले बासष्ट शर्ट मी माळ्यावरून खाली काढले आणि कात्रीने त्यांची पुसायची फडकी केली. गठ्ठेवाले काका मदतीला बसले. त्यांनी विचारले, "चांगले शर्ट का कापताय, ताई?" मी म्हटले, "डाग आहेत." त्यांनी एक शर्ट उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि पुढे काही न विचारता कापायला घेतला.

धाकट्याचा कारखाना आठ महिन्यांत बंद पडला. बटण तेव्हा पंधरा वर्षांची होती, तिला चित्रकला शिकायची होती. ते राहिले. धाकटा दुसऱ्याच्या कारखान्यात चौकटी धुवायला लागला, दिवसभर ओल्यात उभा. मी त्याला माझ्या दुकानात बोलावले. तो म्हणाला, "तुझ्या दुकानाचं नाव आहे, ताई. मी आलो तर माझं नाव त्याला चिकटेल." मी गप्प बसले. गप्प बसायची मला तोपर्यंत सवय झाली होती.

कलम ७. माझ्या भावाच्या सात वह्या.

पहिल्या सहा भावजयीकडे आहेत. सातवी माझ्याकडे आहे. ती बटणाला परत द्यावी. ती मी विचारून आणलेली नाही.

कारखाना बंद झाल्यावर धाकटा दर महिन्याला पगाराच्या दिवशी माझ्याकडे यायचा आणि एक लाल शर्ट विकत घ्यायचा. मी पैसे नको म्हणायची. तो गल्ल्यावर ठेवून जायचा. मला वाटायचे, घरी घालायला नेत असेल, किंवा मला भेटायला निमित्त म्हणून. पहिल्या वेळी त्याने विचारले होते, "त्याच लॉटमधला एखादा उरलाय का?" मी म्हटले, सगळे संपले. तोपर्यंत मी त्या गिरणीचा माल बंद केला होता आणि जुन्या गिरणीकडे परतले होते. त्याला मी देत होते तो अस्सल सुती शर्ट होता. उत्तम कापड. शोधूनही दोष सापडला नसता.

अकरा वर्षे. तीन वर्षांपूर्वी कामावर चौकट धुताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. अठ्ठावन्न वर्षांचा होता. लोक भेटायला आले होते तेव्हा शेजारचा टोप्यांचा दुकानदार हळहळून म्हणाला, "शाईत हात आखडला, तिथेच बुडाला बिचारा." मी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

चार दिवसांनी भावजय मला म्हणाली, "ताई, मागच्या खोलीत त्यांचं सामान आहे. मला बघवत नाही, तुम्ही बघता का?"

मागच्या खोलीत एक टेबल होते, एक जुनी चौकट, आणि कापड तापवायची एक लहान इस्त्री. भिंतीला शर्ट टांगलेले होते, लाल, एकाखाली एक, प्रत्येकावर तीच पांढरी अक्षरे. आणि वह्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : "चूक शोधणे."

तो अकरा वर्षे आपली चूक शोधत होता. दर महिन्याला माझा एक शर्ट न्यायचा, त्यावर ती अक्षरे छापायचा आणि ती गुलाबी होतात का बघायचा. एकदा शाई पातळ करून. एकदा जाड. एकदा दोनदा सुकवून. "आज उष्णता वीसने वाढवली. चार दिवस थांबलो. पांढरा पांढराच राहिला." "आज जुनी, मुदत संपलेली शाई लावली. तरी नाही." "ओल्या कापडावर छापून पाहिले. अक्षर फाटले पण रंग बदलला नाही." आणि मधेच एका पानावर, बाकी काही नाही, एवढेच : "मी त्या दिवशी नक्की काय केले?"

त्याला ती चूक पुन्हा करता येईना. येणारच नव्हती. मी त्याला शुद्ध सूत विकत होते.

टेबलाच्या वर, काचेच्या चौकटीत, त्या बाराशेंपैकी एक शर्ट होता. गुलाबी अक्षरांचा. धाकट्याने त्यातला एक धागा ओढून काडी लावली असती तर अर्ध्या मिनिटात त्याला सगळे कळले असते. हे त्याला मीच शिकवले होते, तो बारा वर्षांचा असताना, हातगाडीच्या आडोशाला बसून. मी त्या शर्टाची खालची कड, बाह्या, गळपट्टी, सगळे बोटाने चाचपून पाहिले. एकही धागा ओढलेला नव्हता. मी "माझ्या दुकानात?" म्हटले होते, आणि त्याच्यापुरता विषय तिथे संपला होता.

सातव्या वहीचे शेवटचे पान त्याच्या मरणाच्या आदल्या आठवड्याचे आहे. "ताईकडचे कापड आता पूर्वीपेक्षाही छान येते. दोष कापडाचा असता तर किती सोपे झाले असते." ही वही मी पिशवीत घातली आणि घरी आणली. भावजयीला सांगितले, बाकी सगळे ठेव, टाकू नकोस.

कलम ८.

सातव्या कलमापर्यंतचा मजकूर मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केला आणि सहीसाठी साक्षीदारांना बोलावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मजकूर वाचायची मला गरज नाही, सही कुठे करायची ते सांगा." गठ्ठेवाले काका म्हणाले, "मी वाचणार." त्यांना चष्मा लावून वाचायला पाऊण तास लागला. मग त्यांनी कागद घडी करून माझ्या पुढ्यात ठेवले.

"मी सही करणार नाही."

"का?"

"हे पोरीला कधी कळणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र तसंच असतं."

"म्हणजे तेव्हाही तुम्ही समोर नसणार." त्यांनी चष्मा काढला. "ताई, मी ते शर्ट कापले. डाग नव्हते, मला दिसत होतं. एकतीस वर्षांत मी तुम्हाला कधी उलटून बोललो नाही. आज बोलतो. छापील भाऊ तर गेला, त्याला तुम्ही सांगितलं नाहीत. आता हिला तरी जिवंतपणी सांगा. मग आणा कागद, मी दोनदा सही करतो."

डॉक्टरीणबाईंनी न वाचताच सगळे ऐकले. त्या पेन बंद करून निघून गेल्या.

बटण दर रविवारी दुपारी माझ्या गोळ्या घेऊन येते. तिच्या दुकानातून स्वतः आणते, आठवड्याच्या डब्यात वाराप्रमाणे भरून ठेवते. त्या रविवारी काकाही थांबले होते. ती आली, पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "आत्या, तू काल रात्रीची गोळी चुकवलीस ना? डबा बघू." मी तिला बसायला सांगितले आणि सांगितले. वर लिहिले आहे तसे, क्रमाने. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आले नसते.

ती रडली नाही. म्हणाली, "किती फरक होता?"

"अकरा."

"नगामागे."

"हो."

ती डब्यात गोळ्या भरू लागली. सोमवार, मंगळवार. मग हात थांबला. "बाबा दर महिन्याला शर्ट न्यायचे, त्याचे पैसे तू घ्यायचीस?"

"तो गल्ल्यावर ठेवायचा."

"मी विचारलं, तू घ्यायचीस का."

"घ्यायचे."

काका मान खाली घालून बसले होते. बटणाने रविवारपर्यंतचे सगळे खण भरले, डब्याचे झाकण लावले आणि तो माझ्यापुढे सरकवला. उठली. चपला घातल्या. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पांढरी गोळी जेवणानंतर घ्या."

ह्या पोरीने मला जन्मात 'तू'शिवाय हाक मारलेली नव्हती.

कलम ९. जाहीर निवेदन.

अकरा दिवसांनी तिचा फोन आला. दुकानाबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "बाबांची वही मला पाठवा. आणि ज्यांनी ज्यांनी बाबांना नावं ठेवली, त्यांना तुम्ही स्वतः कळवा. माझ्यासाठी नाही. बाबांसाठी."

वही काकांच्या हाती त्याच दिवशी पाठवली; कलम सातमधला तो भाग आता पुरा झाला आहे असे समजावे. त्यानंतर मी शर्यतवाल्यांना, ह्या बाजारातल्या सगळ्या छपाईवाल्यांना आणि टोप्यांच्या दुकानदाराला पत्र दिले, आणि त्याची एक प्रत दुकानाच्या शटरवर चिकटवली. मजकूर असा : "चौदा वर्षांपूर्वी शर्यतीच्या बाराशे लाल शर्टांवरची छपाई बिघडली, तो दोष कापडाचा होता. कापड मी विकले होते. त्यात भेसळ आहे हे मला माहीत होते. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याची शाई चांगली होती आणि हात त्याहून चांगला होता."

शर्यतवाल्यांपैकी एक गृहस्थ, आता बरेच म्हातारे, काठी टेकत दुकानात आले. त्यांनी पत्र माझ्यापुढे धरले. "आता हे घेऊन मी काय करू?" मग त्यांनी पत्राची घडी केली. "मी त्याला फार बोललो होतो," म्हणाले, आणि पत्र खिशात घालून गेले. गिऱ्हाईक निम्म्यावर आले आहे. ते यायला हवेच होते. समोरचा दुकानदार दोन दिवस माझ्या शटरसमोर उभा राहून कागद वाचत होता. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, काही लागलं तर सांगा." हे मला सगळ्यांत जड गेले.

कलम १०. भावजय.

तिला बटणाने सांगितले. तिचा निरोप आला नाही. मी गेले नाही. कलम दोन तसेच राहील.

कलम ११. दुकान बटणाने घेतलेच पाहिजे असे नाही. तिने सहा महिन्यांत हो म्हटले नाही तर ते विकावे आणि आलेली रक्कम तिला द्यावी. तीही नाकारली तर छपाईच्या कारखान्यांत ओल्यात उभे राहून काम करणाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी वापरावी. माझे नाव कशालाही देऊ नये. आणि तिने दुकान घेतले तर एवढे करावे : माल आला की प्रत्येक गठ्ठ्यातला एक धागा जाळून बघावा, दलाल समोर उभा असताना बघावा, आणि धाग्याच्या टोकाला जे उरेल ते गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगावे, मग ते गिऱ्हाईक जगातले कोणीही असो.

कलम १२. ती अजून दर रविवारी येते. हे ह्या कागदात का लिहिते आहे ते मला सांगता येत नाही, पण वकीलसाहेबांनी ते काढू नये. ती येते, बसत नाही. डबा भरते, रक्तदाब बघते, आकडा वहीत लिहिते. मी विचारले तर उत्तर देते. "तुमचा दाब वाढलाय. मीठ कमी करा. पुढच्या रविवारी येते." माझ्यावर आवाज चढवत नाही. आवाज चढवला असता तर तो धाकट्याच्या घरातला आवाज असता, मी तो ओळखला असता. ही औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडच्या कोणाही म्हातारीशी बोलते तशी बोलते, आणि माझ्या गोळ्या एकदाही चुकत नाहीत.

माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे मी वर वाटून दिले आहे. मागायचे होते ते कुठल्याच कलमात बसत नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, मोठ्याने साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सही केली.

ठिकाण : दुकानाचा माळा, कापणीच्या टेबलापाशी
दिनांक : ६ मार्च २०२४, बुधवार

सही : (कोऱ्या सुती टी-शर्टांची घाऊक विक्रेती)

साक्षीदार पहिल्या : कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. लिहिणारी शुद्धीत आहे, असे मी तपासून सांगते. ह्या वेळी मजकूर वाचला आहे.

साक्षीदार दुसरे : गठ्ठे बांधणारे. कलम सहामधले शर्ट मीही कापले होते. कबूल केल्याप्रमाणे दोनदा सही केली आहे.